पोळी सुटली, हाडं सावरली

ग्वाल्हेरच्या आम्हा मराठी घरांत पोळीशिवाय ताट नाही. २०२२ साली माझ्या नऊ वर्षांच्या पुतणीला सिलियॅकचं निदान झालं, तेव्हा सासूबाईंनी पहिल्यांदा हेच विचारलं, "मग पोर खाणार काय?"

तिचे पाय दुखत, उंची खुंटली होती. सगळे म्हणत, वाढीचं वय आहे. दूध आणि कॅल्शियमच्या गोळ्या चालूच होत्या. पण गहू-जवातल्या ग्लुटेनने लहान आतड्याचं अस्तर झिजलेलं, मग कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व अंगी लागणार कसं? बरं, अशा मुलांना जुलाब होतातच असंही नाही. हिला कधीच झाले नाहीत.

ज्वारी, तांदूळ आले. नाचणीत तर शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. ती बेळगावची बहीण पाठवते. खरी गोम निघाली गिरणीत. गव्हामागोमाग ज्वारी दळली की पीठ बाटलंच! शेवटी घरघंटी घेतली. बांधानी हिंगातही बहुधा गव्हाचं पीठ असतं, भाजणीत तर आपणच गहू घालतो.

सगळ्यांत कठीण, "एका घासाने काही होत नाही गं" म्हणणाऱ्या मावश्या. पोट दुखो न दुखो, थोडा थोडा गहूही आतड्याचं नुकसान करतच राहतो.

दोन वर्षांनी तिच्या हाडांची घनता वयाला साजेशी आली. आता मुंजीच्या पंगतीत ती आपला डबा उघडते आणि वाढणाऱ्यालाच विचारते, "आमटीत हिंग कोणता घातलाय?"