तापी-पूर्णेच्या संगमावर नदी सुरय शोधताना

पक्षी पाहायचे तर भरतपूरला जावे, असा आपल्याकडे समज आहे. पण या बाबतीत आपला खानदेश गरीब नाही. ११३ वर्षे कुणा अभ्यासकाला न सापडलेला रानपिंगळा १९९७ साली अमेरिकन अभ्यासक पामेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांना पुन्हा दिसला, तो शहाद्याजवळ, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात. तो झाला रानातला पक्षी. दुर्मीळ होत चाललेला एक पाणपक्षीही आपल्या दाराशीच, हतनूर धरणाच्या पाण्यावर आहे, असे ओळखीच्या एका पक्षिमित्र गुरुजींनी सांगितले. त्याचे नाव नदी सुरय. मग आम्ही वस्तीतली मंडळी मुलाबाळांसह फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी निघालो. कळण्याच्या भाकरी, वांग्याचे भरीत आणि ठेचा बांधून घेतला होता. दुर्बीण एकच, तीही गुरुजींची.

भुसावळहून वरणगाव, मुक्ताईनगर करत आम्ही चांगदेवला पोहोचलो. मध्य प्रदेशातील मुलताईहून आलेली तापी आणि अमरावती, अकोला, बुलढाण्याची काळी माती घेऊन आलेली पूर्णा इथे एकमेकींना भेटतात. संगमाच्या खाली हतनूरचे ४१ दरवाज्यांचे धरण आहे आणि त्याचे पाणी इथपर्यंत मागे पसरते.

गुरुजींनी काठावरच आमची शाळा घेतली. पूर्णा दर पावसाळ्यात गाळ आणते, तो धरणात साचतो आणि धरण उथळ होत जाते. आम्ही पडलो कारकून. आमच्या हिशेबाने हा निव्वळ तोटा. पण उथळ पाण्यात पाणवनस्पती वाढतात, किडे-मासे वाढतात, म्हणून पक्षी येतात. तोच गाळ पक्ष्यांच्या खात्यात जमा होतो. नाशिक जिल्ह्यातले नांदूरमध्यमेश्वर असेच गाळाने घडले आणि २०२० साली महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने महत्त्वाच्या पक्षिक्षेत्रांत हतनूरचेही नाव घेतले आहे. मात्र याच धरणात कित्येकांची शेते बुडाली, हेही गुरुजींनी मुलांना सांगितले. ते आम्हाला आवडले.

एका भोई भाऊंच्या होडीतून आम्ही पाळीपाळीने गेलो. वारकरी पक्ष्यांची काळी दिंडी पाण्यावर तरंगत होती. लाल डोक्याची मोठी लालसरी दिसली. लांब तांबड्या पायांचे शेकाटे चिखलात चोची खुपसत होते. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब मात्र दिसले नाहीत. ऊन चढले, मुले कंटाळली. प्रत्येक पांढऱ्या पाखराकडे बोट दाखवून ती विचारत, "हाच का, गुरुजी?" आणि गुरुजी म्हणत, "बगळा आहे तो, बाळा."

शेवटी भोई भाऊंनी वल्हे थांबवले. "ते पाहा भो, बेटावर." पाणी उतरल्यामुळे वाळू-मातीचे एक लहान बेट उघडे पडले होते. त्यावरून दोन राखाडी-पांढरे पक्षी उडाले. डोक्यावर काळी टोपी, पिवळी चोच, तांबडे पाय, शेपटी दुभंगलेली. त्यातला एक हवेत क्षणभर थबकला, सरळ पाण्यात कोसळला आणि चोचीत चांदीसारखा मासा घेऊन वर आला. आमच्या होडीत कुणी बोलेना.

गुरुजी हळू आवाजात सांगू लागले. नदी सुरय घरटे बांधत नाही. साधारण मार्च ते मे या काळात उघड्या वाळूत उथळ खळगा करून मादी दोन-तीन अंडी घालते. ती ठिपकेदार, वाळूच्याच रंगाची, म्हणून माणसाला दिसत नाहीत. कुत्री ती खातात, अचानक पाणी वाढले की वाहून जातात, वाळू उपसली की फुटतात. दक्षिण-पूर्व आशियात मेकाँग नदीवर हा पक्षी आता जेमतेम उरला आहे. जगात त्याची गणना 'असुरक्षित' पक्ष्यांत होते.

परतताना आमच्यातला एक तरुण गप्प होता. रात्री वाळूच्या ट्रॅक्टरवर तो मजुरीला जातो. भाकरी खाताना म्हणाला, "काका, फावड्याखाली फुटलेली अंडी आम्ही पाहिलीत. टिटवीची असतील म्हणून सोडून दिलं."

त्याला काय सांगावे, हे आम्हाला सुचेना. नदी वाचवा म्हणणे सोपे असते. पण त्या खेपेच्या पैशांवर त्याच्या घरची चूल पेटते. ट्रॅक्टर त्याचा नाही, नफाही त्याचा नाही, आणि पकडला गेला तर पोलिसांच्या हाती तोच लागतो. आपल्या घरांच्या भिंतींतही कुठली तरी वाळू आहेच. गुरुजी एवढेच म्हणाले, "तीन महिने पक्षी बसलेलं बेट सोडता आलं तरी पुष्कळ." तो म्हणाला, "पोरांना सांगेन. मालकाचं काही सांगता येत नाही." त्याने खोटे वचन दिले नाही, याचे आम्हाला बरे वाटले. मालकाशी बोलण्याचे काम आता आम्हा चार शिकलेल्यांचे आहे. तो भार एकट्या मजुरावर टाकून चालणार नाही.

वाचकहो, आपणही एखादा रविवार काढून मुलांना हतनूरला न्या. थंडीत गेलात तर बदके पुष्कळ दिसतील आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये नदी सुरय भेटेल. होडीतून पाहा, पण बेटावर पाय ठेवू नका. आमच्या मुलांनी त्या रात्री वहीत पक्ष्यांची नावे लिहिली. नदी सुरयचे नाव लिहायला मात्र त्या तरुणाने स्वतःच पेन्सिल मागून घेतली.