नक्को

उर्दू आमच्या घरची भाषा, मराठी शाळेची आणि बाजाराची. मराठवाड्यातल्या आमच्यासारख्या घरांत दोन्ही एकाच ताटात जेवतात. अम्मीला कोणी आग्रहानं वाढू लागलं की ती हात आडवा धरून म्हणायची, "नक्को!" एकदा उत्तरेकडचे पाहुणे या शब्दाला हसले. आम्ही तेव्हा कॉलेजात होतो. शरमेनं सर्वांदेखत अम्मीला म्हणालो, "नक्को नहीं, 'नहीं चाहिए' बोलो." पाहुणे जाईपर्यंत ती गप्पच राहिली.

पुढं वाचू लागलो तेव्हा कळलं, 'उर्दू' हा शब्दच मुळात तुर्की, अर्थ छावणी. कैंची तुर्कीतून आली. अलमारी, चाबी पोर्तुगीजांकडून. लालटेन, बोतल इंग्रजीतून. १९१८ साली हैदराबादेत उर्दू माध्यमाचं उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालं. तिथल्या विद्वानांनी शास्त्रांसाठी हजारो शब्द घडवले. मेहनत मोठी होती. तरीही घरात कोणाला ताप आला की आम्ही 'थर्मामीटर'च मागतो. अरबी वळणाचा 'मिक़्यासुल-हरारत' पुस्तकातच राहिला. उलट मराठीच्या 'नको'वरून दक्खनीत आलेला 'नक्को' आयाबायांच्या तोंडी शतकं टिकला. त्याला कोणा विद्वानाची सनद लागली नाही.

आज आमची मुलगी म्हणते, "अब्बू, मोबाईल चार्जिंग कू लगाव." ओठांवर आलेली दुरुस्ती आम्ही गिळतो. अम्मी आता नाही. तिची माफी मागायची मात्र राहून गेली.