याज्ञवल्क्याच्या गायी

याज्ञवल्क्याने गायी आधी हाकल्या आणि वाद नंतर केला. बृहदारण्यक उपनिषदाचा तिसरा अध्याय सुरू होतो तो असा. विदेहाच्या जनकाने भरघोस दक्षिणेचा यज्ञ मांडलेला, कुरु-पांचालांकडचे विद्वान जमलेले. राजाने हजार गायी कोंडून ठेवल्या होत्या आणि प्रत्येकीच्या शिंगांना दहा-दहा पाद सोनं बांधलं होतं. तुमच्यात जो सर्वांत मोठा ब्रह्मवेत्ता असेल त्याने या घेऊन जाव्यात, असं तो म्हणाला. कुणाची छाती होईना. याज्ञवल्क्याने मात्र सामश्रवा नावाच्या आपल्या शिष्याला सांगितलं, हाक रे या घरी. सभा खवळली. तूच का आमच्यातला श्रेष्ठ, असं अश्वलाने विचारलं, तेव्हा याने शांतपणे सांगितलं की जो कोणी श्रेष्ठ असेल त्याला आमचा नमस्कार. आम्हांला आपल्या गायी हव्यात.

मला हा माणूस या उत्तरासाठी आवडतो. पुढे एकामागून एक विद्वान त्याला घेरतात, गार्गी तर दोनदा उठते, आणि तो एकेकाला पुरून उरतो. पण त्या सगळ्या तत्त्वचर्चेच्या मागे कुठेतरी हजार गायी धूळ उडवत घराकडे चालल्या आहेत, हे विसरून ती सभा वाचताच येत नाही.

आपल्याकडच्या व्याख्यानांत या गायी एका वाक्यात उरकतात. वक्त्याला ‘नेति नेति’ गाठायची घाई असते. एका वक्त्याने तर गायी म्हणजे इंद्रियं असा अर्थ लावून दाखवला होता. इंद्रियं हजार कशी, आणि त्यांच्या शिंगांना सोनं कुणी बांधलं, हे विचारायला मी मागे थांबलो नाही. त्यांचा हेतू वाईट नव्हता. ब्रह्माच्या गोष्टीत शेणाचा वास येऊ नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

उपनिषदांची तशी काही इच्छा दिसत नाही. छांदोग्यातला उषस्ती चाक्रायण घ्या. कुरूंच्या मुलखात पिकं उद्ध्वस्त झालेली, हा विद्वान आपल्या बायकोसह हत्ती बाळगणाऱ्यांच्या गावात कसाबसा दिवस काढतोय. एक जण निकृष्ट दर्जाचे उडीद खात बसलेला असतो. उषस्ती त्यातलेच मागतो. याशिवाय माझ्याकडे दुसरं काही नाही, असं तो माणूस सांगतो. हेच दे, हा म्हणतो. उडीद पोटात गेल्यावर तो माणूस पाणी पुढे करतो, तर उषस्ती म्हणतो, नको, ते उष्टं होईल. मग उडीद काय उष्टे नव्हते? त्यावरचं उषस्तीचं उत्तर फार स्वच्छ आहे: ते खाल्ले नसते तर मी जगलो नसतो, पाणी मात्र मला हवं तिथे मिळेल. उरलेले उडीद तो बायकोकडे नेतो. तिला आधीच भिक्षा मिळालेली असते, म्हणून ती ते ठेवून देते. दुसऱ्या दिवशी सकाळी हा उठतो आणि म्हणतो, चार घास मिळाले असते तर पैसा मिळवता आला असता. तिकडे राजा यज्ञ करतोय. ती तेच उडीद त्याच्यापुढे ठेवते. कालचे, उष्टे आणि आता शिळेही. ते खाऊन तो यज्ञाला जातो.

तिथे तो ऋत्विजांना विचारतो, तुम्ही गाता त्या गानाची देवता तुम्हांला ठाऊक आहे का? न जाणता गायलात तर मस्तक गळून पडेल. सगळे गप्प. यजमान राजा त्याला काम सोपवतो. उषस्ती आधी दक्षिणा ठरवतो, या लोकांना जेवढं धन द्याल तेवढंच मलाही. मग तो तीन देवता सांगतो. पहिली प्राण, दुसरी सूर्य. तिसरी अन्न.

ती तिसरी देवता या माणसाला ग्रंथातून सापडली असेल असं मला वाटत नाही.

ब्रह्मसूत्रांनी ही कथा गंभीरपणे घेतली आहे. तिसऱ्या अध्यायाच्या चौथ्या पादात, जीव जायची वेळ आली तर कुठलंही अन्न चालतं, या नियमासाठी ती आधाराला येते. उष्ट्या उडदांवर एक सूत्र उभं आहे. आणि उषस्तीची गोष्ट संपते न संपते तोच छांदोग्यात कुत्रे येतात. भुकेले कुत्रे एका पांढऱ्या कुत्र्याला विनवतात की आमच्यासाठी गाऊन अन्न मिळव. मग ऋत्विज जसे एकमेकांना धरून रांगेने सरकतात तसेच सरकत जाऊन ते बसतात आणि ओंकार लावून खायला-प्यायला मागतात. ही पुरोहितांची थट्टा आहे की भुकेचा आदर, यावर अभ्यासकांनी वाद घालावा. मला दोन्ही वाटतं.

याच उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आपल्या मुलाला, बारा वर्षं वेद शिकून ताठ होऊन आलेल्या श्वेतकेतूला, पंधरा दिवस उपाशी ठेवतो. पाणी फक्त प्यायचं. सोळाव्या दिवशी ऋचा म्हण म्हणतो, तर पोराला एकही आठवत नाही. जेवल्यावर सगळ्या आठवतात. मन अन्नाचं बनलेलं आहे, हा धडा आधी पोटात उतरतो. ‘ते तू आहेस’ हे त्यानंतर येतं. हा क्रम उगाच नाही.

पण मोक्षाचं काय? गायी आणि उडीद मोजत बसलो तर मुक्ती राहिली बाजूला, असं कुणी म्हणेल. त्यासाठी बृहदारण्यकाचा चौथा अध्याय पाहावा. याज्ञवल्क्य पुन्हा जनकाकडे येतो. जनक मिस्कीलपणे विचारतो, जनावरं हवीत की सूक्ष्म प्रश्न? दोन्ही, असं याज्ञवल्क्य सांगतो. आणि हाच माणूस मग प्रत्येक उत्तराला हजार गायी देऊ केल्या तरी घेत नाही. पूर्ण शिकवल्याशिवाय दक्षिणा घेऊ नये असं माझ्या वडिलांचं मत होतं, म्हणतो. हा व्यवहार आहे आणि तो सचोटीचा आहे. पुढे स्वप्न, सुषुप्ती, मरण असं एकेक उलगडत जातं, आणि राजा दर वेळी हजार गायी देऊन म्हणतो, आता मुक्तीसाठी याच्या पुढचं सांगा. एका क्षणी याज्ञवल्क्याला भीती वाटते. हा बुद्धिमान राजा मला कुठेच थांबू देत नाही, असं त्याच्या मनात येतं. सभेतल्या कुणालाही न घाबरलेला माणूस इथे घाबरतो. शेवटी कामना गळून पडलेला माणूस इथेच ब्रह्म होतो, इथवर बोलणं पोचतं आणि जनक आपलं राज्य व स्वतःलाही त्याच्यापुढे ठेवतो.

आणि लगेच पुढच्या भागात याज्ञवल्क्य घर सोडायला निघतो. मैत्रेयी आणि कात्यायनी या आपल्या दोन बायकांत वाटणी करून देतो म्हणतो. मैत्रेयी विचारते, धनाने भरलेली सगळी पृथ्वी मिळाली तर मी अमर होईन का? नाही, तो सांगतो, साधनसंपन्न लोकांचं असतं तसं तुझं आयुष्य होईल. अमरत्वाची आशा धनाकडून नको. हे उत्तर ज्याच्या गोठ्यात काही नाही त्याने दिलं असतं तर आपण ते सुविचारांच्या वहीत लिहून ठेवलं असतं. ज्याने भर सभेत गायी आधी हाकलल्या त्याने ते दिलं, म्हणून त्याला वजन आहे. त्याला गायींची किंमत नेमकी माहीत होती.

कात्यायनी काय म्हणाली, ते उपनिषद सांगत नाही. तिला बायकांपुरती समज होती, एवढंच म्हणून तिला बाजूला केलं आहे. नवरा गेला, सवत ब्रह्मविद्या मागून मोकळी झाली. ती जनावरं मग रोज कुणी सोडली, बांधली, दोहली? मला ही उणीव वाटते, आणि एवढ्या स्पष्टवक्त्या ग्रंथात ती राहावी याचं वाईटही वाटतं.

आचार्यभक्त विष्णुशास्त्री बापट यांनी शांकरभाष्य मराठीत आणलं, त्यामुळे संस्कृत येत नाही ही सबब आपल्याला चालत नाही. वाचायचं तर निवडक वचनांचं पुस्तक घेऊ नका. छांदोग्याच्या पहिल्या अध्यायाच्या दहाव्या खंडापासून सुरुवात करा. तिथे उषस्ती आहे, आणि बाराव्यात कुत्रे. सगळं मिळून चार-पाच पानांच्या वर नाही.