अबू सिंबेल : उचललेले देऊळ, बुडालेली गावे

इजिप्तच्या प्रवासाला निघण्यापूर्वी आईने दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या होत्या. सूर्यास्तानंतर ती अन्न घेणार नाही आणि देवदर्शन झाल्याखेरीज सकाळचा घास मुखी घालणार नाही. हे दोन्ही नियम ती गेली चाळीस वर्षे पाळत आली आहे. वयाच्या शहात्तराव्या वर्षी परदेशात त्यांत सवलत घेण्यास ती तयार नव्हती. शेवटी, वाटेत मंदिर नसेल तेथे डोळे मिटून भाववंदना करावी, णमोकार मंत्राची एक माळ पूर्ण करावी व मगच आहार घ्यावा, असे ठरले. खाकरे, दशम्या, भाजलेले शेंगदाणे आणि पाणी गाळण्याचे स्वच्छ वस्त्र एवढी शिदोरी बरोबर घेऊन आम्ही मायलेकी निघालो.

प्रवासातील ज्या एका दिवसाविषयी येथे लिहीत आहे, तो दिवस आस्वान येथून अबू सिंबेलला विमानाने जाऊन दुपारपर्यंत परत येण्याचा होता. आस्वान हे दक्षिण इजिप्तमधील नाईलकाठचे शहर. तेथून अबू सिंबेल सुमारे २८० किलोमीटर दूर, सुदानच्या सीमेजवळ आहे. रस्त्याने गेल्यास पहाटे चारच्या सुमारास निघावे लागते आणि वाळवंटातून जाता-येता सात-आठ तास मोडतात. विमान तेच अंतर पाऊण तासात पार करते. वयस्कर मंडळींना सोयीचे म्हणून आमच्या सहलीच्या संयोजकांनी विमानाचा मार्ग निवडला होता.

विमान आकाशात स्थिरावले तेव्हा सूर्य नुकताच वर आला होता. खाली एका बाजूला पिवळसर वाळवंट आणि दुसऱ्या बाजूला निळे पाणी. हे नासर सरोवर. आस्वानच्या उच्च धरणाचे काम १९६० मध्ये सुरू झाले व १९७० मध्ये पूर्ण झाले. त्या धरणामागे साठलेले पाणी सुमारे ५०० किलोमीटर लांब पसरून सुदानमध्ये शिरले आहे. सरोवराच्या कडा वेड्यावाकड्या दिसतात. प्रत्येक टेकडीच्या खोबणीत पाणी शिरलेले आहे. आईने खिडकीकडे तोंड करून हात जोडले, डोळे मिटले आणि माळ ओढण्यास सुरुवात केली. माळ संपल्यावर तिने खाकऱ्याचा डबा उघडला. भाववंदना करताना डोळ्यांसमोर कोणते मंदिर येते, असे मी सहज विचारले. ती म्हणाली, "माहेरचं. जुनं."

माझ्या आईचे माहेर भीमा नदीच्या काठी, पुणे आणि सोलापूर या जिल्ह्यांच्या सीमेवर होते. 'होते' असेच म्हणावे लागते, कारण १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या पाण्याखाली ते गाव गेले. गावात आपल्या समाजाची दहा-बारा घरे होती आणि काळ्या दगडाचे एक लहान जिनमंदिर होते. पाणी येण्यापूर्वी मूर्ती विधिपूर्वक उचलून नव्या गावठाणात नेल्या, तेथे नवे मंदिर बांधले, वेदीप्रतिष्ठा झाली. जुन्या मंदिराची भिंत मात्र तेथेच राहिली. त्याच जलाशयात पळसदेवचे प्राचीन मंदिरही बुडाले आहे. उन्हाळ्यात पाणी आटले की त्याचे शिखर व दगडी मंडप उघडे पडतात आणि लोक होडीने ते पाहण्यास जातात. आईच्या गावचे मंदिर एवढे प्रसिद्ध नाही. ते पाहण्यास कोणी जात नाही.

अबू सिंबेलला उतरल्यावर बसने काही मिनिटांत आपण एका टेकडीच्या मागच्या बाजूस पोहोचतो. वळसा घालून पुढे गेले की एकदम समोर चार बसलेले पुरुष दिसतात. प्रत्येकाची उंची सुमारे २० मीटर. चौघेही एकच व्यक्ती आहेत : इजिप्तचा राजा दुसरा रामेसिस. त्याने इसवी सनपूर्व तेराव्या शतकात सुमारे सहासष्ट वर्षे राज्य केले. भगवान महावीरांच्या निर्वाणापूर्वी सुमारे सात शतके डोंगराच्या कड्यात हे मंदिर कोरले गेले. डावीकडून दुसऱ्या मूर्तीचे मस्तक व धड प्राचीन काळीच भूकंपाने कोसळले. ते आजही तिच्या पायाशी पडलेले आहे.

तेथील नियमाप्रमाणे मार्गदर्शकाने मंदिराच्या आत बोलायचे नसते. म्हणून आमच्या तरुण मार्गदर्शकाने बाहेर सावलीत उभे राहून सर्व माहिती दिली आणि मग आम्हांला आत पाठवले. तो स्वतः नूबियन होता, म्हणजे याच भूमीच्या मूळ रहिवाशांपैकी.

प्रवेशद्वाराच्या दोन्ही बाजूंस, राजाच्या आसनाखाली, दोरीने बांधलेल्या कैद्यांच्या रांगा कोरल्या आहेत. एका बाजूस नूबियन, दुसऱ्या बाजूस आशियातील शत्रू. आतील मोठ्या दालनात, उत्तरेकडील भिंतीवर, कादेशच्या लढाईचे भव्य चित्रण आहे. इसवी सनपूर्व १२७४ च्या सुमारास रामेसिस आणि हित्ती राजा मुवातल्ली यांच्यात ही लढाई झाली. भिंतीवर रथारूढ रामेसिस एकटाच शत्रूचा संहार करतो आहे. प्रत्यक्षात ही लढाई निर्णायक ठरली नाही, असे इतिहासकार मानतात. पुढे सुमारे पंधरा वर्षांनी दोन्ही राज्यांत तह झाला. त्याची इजिप्तमधील प्रत कर्नाकच्या मंदिरात कोरलेली आहे, तर हित्तींची प्रत त्यांच्या राजधानीच्या अवशेषांत मातीच्या पाट्यांवर सापडली. दोन्ही प्रतींत तहाची याचना समोरच्यानेच केली, असा सूर आहे. आपल्या घरात लहानपणापासून अनेकांताचा दृष्टान्त म्हणून हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट सांगितली जाते. त्या आंधळ्यांना निदान आपण चाचपडतो आहोत हे ठाऊक होते. येथे दोन राजांनी एकच घटना डोळसपणे पाहिली आणि आपापल्या भिंतीवर हवी तशी कोरली.

सर्वांत आतल्या गाभाऱ्यात चार मूर्ती बसल्या आहेत : पताह, आमून-रा, स्वतः रामेसिस आणि रा-होराख्ती. राजाने स्वतःला देवांच्या पंक्तीत बसवून घेतले. वर्षातून दोन दिवस, २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबर या तारखांना, उगवत्या सूर्याचे किरण साठ मीटरहून अधिक आत येऊन या मूर्तींवर पडतात. पाताळलोकाशी संबंध असलेला पताह मात्र अंधारातच राहतो.

तेथे उभे असताना श्रवणबेळगोळच्या बाहुबलींची आठवण न येणे शक्य नव्हते. तीही मूर्ती एकाच कड्यातून घडवलेली, ५७ फूट उंच. ती इसवी सन ९८१ च्या सुमारास चावुंडरायाने घडवून घेतली. तिच्या पायाशी मराठीतील एक अतिप्राचीन लेखही आहे. पण बाहुबली हे जिंकल्यानंतर राज्य सोडून उभे राहिलेले आहेत आणि रामेसिस न जिंकताही सिंहासनावर बसलेला आहे. मी हे आईला सांगितले. ती हसली आणि म्हणाली, "त्याला कुणी सांगितलंच नसेल गं सोडायला." या एका वाक्याने माझी तुलना जरा सैल झाली. शेजारच्या लहान मंदिरात राणी नेफरतारीच्या मूर्ती राजाच्या मूर्तींएवढ्याच उंच कोरल्या आहेत, हे पाहून तर त्या राजाविषयी मला थोडी आपुलकीही वाटली.

बाहेर आल्यावर मार्गदर्शकाने ज्या गोष्टीसाठी अबू सिंबेल जगभर प्रसिद्ध आहे ती सांगितली. ही दोन्ही मंदिरे मूळ जागेवर नाहीत. धरणाचे पाणी चढणार हे दिसताच युनेस्कोने मार्च १९६० मध्ये जगाला आवाहन केले. अनेक राष्ट्रे पुढे आली. आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे पथकही १९६१-६२ मध्ये बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली नूबियात उत्खननासाठी आले होते. १९६४ ते १९६८ या काळात ही मंदिरे कापून उचलण्यात आली. प्रथम पाणी अडवण्यासाठी तात्पुरता बांध घातला. मूर्तींना इजा होऊ नये म्हणून त्या वाळूत गाडल्या. मग करवतींनी कातळाचे हजारांहून अधिक ठोकळे कापले. त्यांतील अनेकांचे वजन वीस-तीस टन होते. प्रत्येकावर क्रमांक घातला आणि ते सारे सुमारे ६५ मीटर उंचावर, २०० मीटर मागे नेऊन पुन्हा जुळवले. आपण ज्या टेकडीला वळसा घालून येतो ती टेकडी कृत्रिम आहे. तिच्या पोटात काँक्रीटचा पोकळ घुमट आहे. कोसळलेले ते मस्तकसुद्धा पूर्वी जसे पडले होते तसेच नव्या जागी ठेवले.

सहलीतील सर्वांनी टाळ्या वाजवल्या. आई टाळ्या वाजवत नव्हती. ती सरोवराकडे पाहत होती. मग मला म्हणाली, "त्या मुलाला विचार, इथली माणसं कुठं गेली?"

मी इंग्रजीत विचारले. तो क्षणभर थांबला. "हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात," असे म्हणून तो आमच्याजवळ येऊन बसला. १९६३-६४ मध्ये इजिप्तच्या हद्दीतील सुमारे ५०,००० नूबियन लोकांना बोटी, गाड्या व बसमधून कोम ओम्बोच्या परिसरात नेण्यात आले. सुदानच्या बाजूलाही जवळपास तेवढेच लोक वादी हल्फा परिसरातून उठले. त्याआधी १९०२ मध्ये बांधलेल्या व पुढे दोनदा उंच केलेल्या जुन्या धरणानेही त्यांची शेते आणि खजुराची झाडे घेतलीच होती. त्यांची सारी गावे नाईलच्या काठावर होती. नवी वसाहत नदीपासून दूर, ओळीने बांधलेल्या एकसारख्या घरांची. मात्र प्रत्येक नव्या गावाला जुन्याच गावाचे नाव दिले. त्याच्या आजीने निघताना घराला कुलूप लावले होते आणि लाकडी किल्ली बरोबर आणली होती. ती किल्ली अजून त्यांच्या घरी आहे. घर मात्र पाण्याखाली किती खोल आहे हे कोणालाच ठाऊक नाही.

मी त्याचे शब्द मराठीत सांगत गेले आणि आई मान डोलावत राहिली. "नाव आमचंही तेच ठेवलंय," ती म्हणाली. मग तिने त्याला आपल्या गावाची हकिकत सांगितली आणि मी ती इंग्रजीत पोहोचवली. भीमा नदी, काळ्या दगडाचे मंदिर, डोक्यावर मूर्ती घेऊन अनवाणी चाललेले तिचे वडील. तो लक्षपूर्वक ऐकत होता. शेवटी आई म्हणाली, "आम्ही देव उचलला आणि देऊळ सोडलं. यांनी देऊळ उचललं. पण माणसाला धड कुणीच उचललं नाही, नुसतं हलवलं."

या वाक्याचे भाषांतर मला नीट जमले नाही. 'उचलणे' आणि 'हलवणे' यांतला जो फरक तिच्या मनात होता, तो इंग्रजीत कसा आणावा हे सुचेना. तरी तो समजला असावा. त्याने छातीवर हात ठेवला.

त्या कामाला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. ती मंदिरे वाचली नसती तर आज त्या मुलाला आपल्या भूमीविषयी चार शब्द सांगण्याची जागाही उरली नसती, आणि धरणाच्या पाण्यावर व विजेवर कोट्यवधी लोक जगले, हेही खरेच आहे. उजनीच्या पाण्यावर आमच्याच नातेवाइकांचे ऊस आणि डाळिंबाचे मळे उभे आहेत. परंतु दगडाच्या प्रत्येक ठोकळ्यावर क्रमांक घालून तो जपणाऱ्या माणसाला, विस्थापितांच्या घरांतील किल्ल्या मोजाव्याशा वाटल्या नाहीत. ज्या धर्मात पाणी गाळताना सूक्ष्म जीवाचाही विचार करावा लागतो, त्या धर्माच्या घरातून आलेल्या मलाही टाळ्या वाजवताना हे सुचले नव्हते. ते आईला सुचले, आणि तेही स्वतःचे गाव गेले होते म्हणून.

ज्यांना हा प्रवास करायचा असेल त्यांनी विमानात शक्यतो डाव्या बाजूची खिडकी मागावी, म्हणजे उतरताना मंदिराचे दर्शन घडू शकते. जागेवर साधारण दोन-अडीच तास मिळतात, ते पुरतात. हिवाळ्यात जावे, टोपी घ्यावी, आपली शिदोरी व उकळून गाळलेले पाणी बरोबर ठेवावे. दुपारपर्यंत आस्वानला परतता येते, त्यामुळे सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाला अडचण येत नाही. आणि बाहेर सावलीत बसलेल्या मार्गदर्शकाला, त्याचे गाव कोणते, एवढे अवश्य विचारावे.

परतीच्या विमानात आईने माझ्याकडून खिडकीची जागा मागून घेतली. सरोवर दुपारच्या उन्हात शांत पसरले होते. ती बराच वेळ खाली पाहत राहिली. आस्वान जवळ आले तेव्हा एवढेच म्हणाली, "वरून पाणी सगळीकडं सारखंच दिसतं गं."