इंतजाम

आमच्या लहानपणी शाळा कोण चालवतं, याचं उत्तर एका शब्दात मिळायचं : हेडमास्तर. आधी उर्दू शाळेत होतो, आता एका इंटरनॅशनल म्हणवणाऱ्या शाळेत मराठी शिकवतो. तिथं हेच काम पाच-सहा खुर्च्यांत वाटलेलं आहे. शिकवण्याचं प्रिन्सिपल बघतात. बस, कॅन्टीन, खरेदी, पहारेकरी ऑपरेशन्स मॅनेजर बघतात. बीएडला शालेय व्यवस्थापन शिकलो होतो. त्यात बसचा डिझेलखर्च नव्हता आणि पूरही नव्हता.

पूर मात्र आमच्या वाडीला पाठ आहे. नृसिंहवाडी कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर वसलेली. पावसाळ्यात पाणी दत्तमंदिरात शिरतं, दक्षिणद्वार सोहळा होतो, आणि पाणी चढेल तसे पेढे-बासुंदीवाले माल उंचावर हलवतात. कुणाचं परिपत्रक येत नाही. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे आकडे इथल्या पोरांनाही माहीत. २०१९ साली पाणी ५५ फुटांवर गेलं, तो ऑगस्ट कुणी विसरलेला नाही.

आमचे मॅनेजरसाहेब मुंबईकडचे. एका जुलैत ड्रायव्हरमामा त्यांना म्हणाले, ‘‘साहेब, राजारामला एक्केचाळीस झालंय. उद्या कुरुंदवाडची गाडी नको.’’ साहेबांनी मोबाईलवर नकाशा दाखवला : रस्ता खुला. शिवाय चाचणी परीक्षा ठरलेली. गोष्ट प्रिन्सिपल मॅडमकडे गेली. त्यांनी मामांना केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली आणि कुठल्या थांब्यावर पाणी आधी येतं हे विचारून कागदावर उतरवून घेतलं. गाडी गेली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो रस्ता पाण्याखाली होता. गाडी गेली असती तर पोरं शाळेतच अडकली असती. आता तो कागद मॅनेजरसाहेबांच्याच फायलीत पहिल्या पानावर आहे. त्यांचंही कौतुक करायला हवं, कारण ड्रायव्हरचं म्हणणं स्वतःच्या फायलीत लावायला मन मोठं लागतं.

उर्दूत व्यवस्थापनाला आपण इंतजाम म्हणतो. नज़्म आणि इंतजाम एकाच धातूचे. मोती ओवणं हा त्यातला मूळ अर्थ. मराठीनं ‘बंदोबस्त’ घेतला, पण तो ऐकला की आधी पोलीसच आठवतात!

सरकारनंही हा प्रयोग करून पाहिला. २०१८ मध्ये महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ सुरू झालं, पहिल्या टप्प्यात जिल्हा परिषदेच्या १३ शाळा घेतल्या, आणि सरकार बदलल्यावर २०२० मध्ये मंडळच गुंडाळलं. एवढी घाई मला पटलेली नाही. आंतरराष्ट्रीय म्हणजे श्रीमंतांचं, हे समीकरण त्या शाळांनी मोडायला घेतलं होतं. पुढं २०२५ मध्ये खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला जागतिक पातळीवरचा ‘कम्युनिटी चॉइस’ पुरस्कार मिळाला. तिथं ‘विषय मित्र’ पद्धतीत मुलंच मुलांना शिकवतात. ऑपरेशन्स मॅनेजर हे पदच जिल्हा परिषदेत नाही. खिचडीच्या तांदळापासून यू-डायसच्या माहितीपर्यंत सगळं गुरुजीच बघतात, आणि गाव पाठीशी असेल तरच ते निभतं.

माझं दुखणं वेगळं आहे. २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या प्रत्येक बोर्डाच्या शाळेत मराठी सक्तीची झाली. वेळापत्रकात तास आला, पण गॅदरिंगची तालीम असो की पाहुण्यांची भेट, उचलला जातो तो मराठीचाच. त्यात पालकसभेत एक आई माझं नाव ऐकून म्हणाल्या, ‘‘सर, मराठी तुम्ही शिकवणार?’’ मी म्हटलं, ‘‘ताई, घरी अब्बांनी उर्दू शिकवली, मराठी ह्या वाडीनं.’’ त्या हसल्या. आता त्यांचा मुलगा वर्गात सगळ्यात जास्त शंका विचारतो.

यंदा जूनमध्ये मी उचललेल्या तासांची यादी करून मॅडमकडे दिली : गेल्या वर्षीचे २३ तास, तारखांसह. त्यांनी ती मॅनेजरसाहेबांकडे पाठवली, कारण हॉल आणि तालमी त्यांच्या ताब्यात. आता तालीम शेवटच्या तासाला असते. पहिल्या आठवड्यात गणिताचे सर माझ्याशी बोलले नाहीत.