व्याज कोणाला विचारायचं?

मुलाखतीला आलेल्या मुलांना ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग म्हणजे काय असं विचारलं, की चारही खांब घडाघडा येतात: एन्कॅप्सुलेशन, अ‍ॅब्स्ट्रॅक्शन, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम. इनहेरिटन्सपाशी तर मुलं खुलतातच. प्राणी हा क्लास, त्यातून कुत्रा आणि मांजर. कुत्रा भुंकतो, मांजर म्याँव करते. इतकी वर्षं या धंद्यात काढली, पण भुंकणारा प्रोग्रॅम मागायला एकही गिऱ्हाईक अजून आलेलं नाही.

मी पतसंस्थांची सॉफ्टवेअरं लिहितो. बचत, कर्ज, रोज दारोदार जमा होणारी पिग्मी, मुदत ठेव. यातल्या मुदत ठेवीपाशी इनहेरिटन्सची गंमत कळते. आधी ‘खातं’ नावाचा क्लास लिहिला जातो: पैसे भरा, पैसे काढा, शिल्लक सांगा. मुदत ठेव हेही खातंच की, म्हणून तिला त्याच्या पोटी जन्माला घालतात. पण ठेवीतून मधेच चार-पाच हजार काढता येत नाहीत. मोडायची तर सबंध मोडायची, आणि मुदतीआधी मोडली तर व्याजात कापून घ्यायचं. मग ठेवीच्या क्लासमध्ये ‘विथड्रॉ’ पुन्हा लिहितात आणि आत एकच ओळ असते: अनसपोर्टेड-ऑपरेशन-एक्सेप्शन फेका. वर्षअखेरीला सेवाशुल्क वळतं करणारा कोड एकेका खात्याला बिनधास्त ‘विथड्रॉ’ सांगत सुटतो आणि पहिल्याच ठेवीपाशी कोसळतो. मग कोणीतरी तिथं ‘मुदत ठेव असेल तर सोडून द्या’ असा इफ घालतं. एकदा हा इफ शिरला, की त्याचे भाऊबंद मागोमाग येतात.

बार्बरा लिस्कोव्ह यांनी 1987 साली ऊप्सला परिषदेतल्या भाषणात हेच दुखणं सांगितलं होतं. मूळ क्लासच्या जागी त्याचं पोर उभं केलं तरी वापरणाऱ्या प्रोग्रॅमच्या वागण्यात फरक पडता कामा नये. ठेव या कसोटीला उतरत नाही, मग व्यवहारात तिला खातं म्हणत असोत वा नसोत.

नवशिकेच इथं घसरतात असंही नाही. जावाच्या पहिल्या आवृत्तीपासून तिच्या लायब्ररीत ‘स्टॅक’ आहे. शेवटी ठेवलेलं आधी काढायचं, एवढंच त्याचं काम. पण तो ‘व्हेक्टर’च्या पोटी जन्माला घातला, त्यामुळे ‘इन्सर्ट-एलिमेंट-अ‍ॅट’ही त्याच्याकडे वारशानं आलं: स्टॅकच्या मधोमध हवं ते खुपसता येतं. जुना कोड मोडेल म्हणून हे काढूनही टाकता येत नाही. आज जावाचं अधिकृत दस्तऐवजीकरणच सांगतं, की याऐवजी ‘डेक’ वापरा.

म्हणून मला विचाराल तर या विद्येचा जीव इनहेरिटन्समध्ये नाही. तो डेव्हिड पार्नास यांच्या 1972 सालच्या लेखात आहे, ऑब्जेक्टचा गाजावाजा सुरू व्हायच्या आधीच्या. त्यांनी एकच छोटा प्रोग्रॅम दोन तऱ्हांनी तोडून दाखवला: एकदा कामाच्या पायऱ्यांप्रमाणे आणि एकदा उद्या बदलू शकेल असा एकेक निर्णय एकेका तुकड्याच्या पोटात लपवून. बदल आला की दुसरी तऱ्हा सोसते.

लपवणं म्हणजे सगळी फील्ड प्रायव्हेट करून प्रत्येकाला गेटर-सेटर जोडणं, असा समज मात्र फार पसरलाय. ते म्हणजे कुलूप लावून किल्ली त्यालाच अडकवून ठेवणं. एका जुन्या सॉफ्टवेअरमध्ये पाहिलेलं सांगतो. ठेव पावती छापणारा स्क्रीन, तिमाही व्याज तरतूद आणि मुदतपूर्व मोड, तिघेही ठेवीकडून मुद्दल, दर आणि दिवस मागून घेत आणि गुणाकाराला 36500 नं भागत. शंभर गुणिले 365. पुढं लीप वर्षात 366 दिवस धरायचं ठरलं. 36500 शोधून सगळीकडे बदल झाला, पण तरतुदीच्या कोडमध्ये आधी 100 नं आणि दोन ओळी खाली 365 नं भागलेलं होतं. शोधात ते सापडलंच नाही. पावती एक सांगायची, खतावणी दुसरं. ठेवीलाच ‘अमुक तारखेपर्यंतचं व्याज सांग’ म्हटलं असतं, तर दिवस कसे मोजायचे हा तिचा घरचा प्रश्न राहिला असता.

सिम्युला 67 मध्ये सबक्लास आणणारे ओस्लोचे डाल आणि नायगार्ड यांचं मोठेपण यानं कमी होत नाही. त्यांना खऱ्या जगातल्या घडामोडींची नक्कल करायची होती, तिथं ती सोय मोलाची होती. झेरॉक्स पार्कमध्ये स्मॉलटॉक घडवणारे अ‍ॅलन के यांचा भर मात्र ऑब्जेक्ट एकमेकांना धाडतात त्या निरोपांवर राहिला. मी त्यांच्या बाजूचा.

नव्या मुलांना मी संगणकाआधी कार्डं देतो. केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी 1989 साली मांडलेली ही रीत: प्रत्येक कार्डावर क्लासचं नाव, त्याची जबाबदारी आणि मदतीला लागणारे इतर क्लास. ज्याच्या हाती कार्ड, त्यानं त्या क्लासच्या तोंडानं बोलायचं. परवा ज्येष्ठ नागरिकांच्या जादा दरावर जुंपली. ठेवीचं कार्ड धरलेला म्हणाला, ‘जन्मतारीख माझ्याकडे ठेवा.’ सभासदाचं कार्ड सोडायला तयार नाही. शेवटी दरपत्रक झालेली मुलगी म्हणाली, ‘मला जन्मतारीख नकोच आहे. ठेव ठेवली त्या दिवशी हे ज्येष्ठ होते की नव्हते, एवढंच सांगा.’ मग सभासदानं विचारलं, ‘ठेव नवरा-बायकोच्या नावावर असेल तर कोणाचं वय?’ कार्डांत त्याचं उत्तर नव्हतं. पतसंस्थेत फोन लावला. त्यांच्याकडे पहिल्या नावाचं वय धरतात.