सैनिकाघरचे कार्य

ज्या सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या एका गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसे गमावली आणि ज्या गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द आजही अभिमानाने जोडला जातो, त्या जिल्ह्यात मंगल कार्यालय चालविणाऱ्याला सैनिकाच्या लग्नाची तजवीज ही नित्याचीच बाब असते. सुपारी फुटली की यजमान पंचांग घेऊन येतात, तेव्हा मुलाची रजा मंजूर झाली आहे काय, एवढेच मी त्यांना प्रथम विचारतो.

जवानाला वर्षाकाठी ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा असते, हे खरे. परंतु ती हवी तेव्हा मिळतेच असे नाही. चातुर्मासात मुहूर्त नसतात, आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीसारख्या पलटणीत एकाच मुलखातील, एकच पंचांग मानणारी मुले एकत्र असल्यामुळे वैशाखातील त्याच चार तिथींसाठी एकाच कंपनीतून अनेकांचे अर्ज जातात. त्या सर्वांना एकदम सोडून ठाणी रिकामी ठेवणे कोणाही अधिकाऱ्याला शक्य नसते. शिवाय रजेचा दाखला हाती पडला तरी बर्फाने वाट अडली की मुलगा ट्रान्झिट कॅम्पात खोळंबतो, आणि जम्मूहून पुण्यापर्यंतचा आगगाडीचा प्रवास जवळजवळ दोन दिवसांचा. म्हणून मुलाचे घरी येणे आणि हळद यांत निदान आठ दिवसांचे अंतर ठेवावे, दुसरी एक तिथी राखून ठेवावी आणि पत्रिका रजा मंजूर झाल्यावरच छापखान्यात द्याव्यात, असा माझा आग्रह असतो. २०२५ च्या मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, सुट्टीवर आलेल्या जवानांना तातडीने परत बोलावण्यात आले होते. अशा प्रसंगी कार्य पुढे गेल्यास बयाण्यातील एक पैसाही कापून घेणे हा अन्याय होय, असे माझ्या व्यवसायबंधूंना मी स्पष्ट सांगतो.

अधिकाऱ्यांच्या लग्नात सहकारी तलवारींची कमान धरतात आणि तिच्याखालून वधूवर चालत जातात. तो सोहळा देखणा असतो, आणि त्याच्या व्यवस्थेस फारसे सायासही पडत नाहीत.

खरी दक्षता घ्यावी लागते ती वधूच्या नावाची. आपल्याकडे ताटात तांदूळ पसरून त्यांवर अंगठीने नवे नाव रेखण्याची प्रथा आहे. सासरची मंडळी कौतुकाने ते नाव सांगतात, पेढे वाटले जातात, आणि मग ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर एक नाव, आधारकार्डावर दुसरे आणि पलटणीला दिलेल्या अर्जात तिसरेच, असा घोटाळा उत्पन्न होतो. विवाहाची नोंद झाल्यावर युनिट ‘पार्ट टू ऑर्डर’ काढते, तिच्या आधारे रेकॉर्ड ऑफिसच्या दफ्तरात पत्नीचे नाव चढते, आणि पुढे औषधोपचार, कुटुंबाचे निवासस्थान, दुर्दैवाने वेळ आलीच तर कुटुंबनिवृत्तिवेतन, हे सर्व त्या एका नोंदीवर अवलंबून राहते. नावातील एका अक्षराच्या फरकापायी तरुण विधवेला प्रतिज्ञापत्रे घेऊन कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागावेत, याहून क्लेशदायक गोष्ट या व्यवसायात मी पाहिलेली नाही. हौसेचे नाव घरात खुशाल घ्यावे. कागदावर मात्र शाळेच्या दाखल्यातील आणि आधारकार्डावरील नाव अक्षरशः तेच असावे.

१९९८ च्या महाराष्ट्र अधिनियमानुसार विवाहाच्या नोंदणीसाठी ९० दिवसांची मुदत आहे. परंतु रजा संपवून रुजू होणाऱ्या मुलाला ती मुदत पुरत नाही. नोंदणीच्या अर्जावर पुरोहित आणि तीन साक्षीदार यांच्या सह्या लागतात, आणि ही चारही माणसे एका जागी सापडण्याची वेळ म्हणजे लग्नाचा दिवस. म्हणून अक्षता पडल्यावर, पंगती उठण्यापूर्वीच, बोहल्याशेजारी मेज मांडून मी त्या सह्या घेतो, आणि दुसऱ्या दिवशी वधूवरांचे एकत्र छायाचित्र काढवून ते कागदांसह मुलाच्या पेटीत ठेवावयास लावतो.

वधूपित्यांना माझी एवढीच विनंती आहे, की जावई पलटणीत परतल्यावर पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक आणि तारीख त्याच्याकडून निःसंकोच मागून घ्यावी, आणि त्या ऑर्डरची एक प्रत आपल्या मुलीच्या स्वाधीन करावी.